‘डिपर्सनलाइझ’ : कोणाचे काय काढून घ्यायचे?



इंग्रजी पुस्तकात ‘डिपर्सनलाइझ’ हा शब्द आला की आपण शब्दकोश उघडतो, ‘व्यक्तित्व काढून घेणे’ असे वहीत लिहितो आणि पुढे जातो. पण व्यक्तित्व कोणाचे काढायचे, हे त्या अर्थात येत नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे.

लॅटिन भाषेत नटाच्या मुखवट्याला ‘पर्सोना’ म्हणत. त्यावरून ‘पर्सन’ शब्द आला. नाव, मत, हक्क आणि जबाबदारी असलेला माणूस असा त्याचा अर्थ झाला. ‘डी’ लागला की हे सारे गळून पडते.

उदाहरणासाठी एटापल्ली तालुक्यातील सूरजागड घेऊ. तिथला डोंगर माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचा. दर जानेवारीत यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. २००७ साली दिलेल्या खाणपट्ट्याचे क्षेत्र ३४८.०९ हेक्टर. जमीन दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत मोजली गेली. माणसांसाठी मात्र ‘स्थानिक’ हा एकच शब्द पुरतो. खाणीच्या बाजूचा वक्ता ‘स्थानिकांना रोजगार’ म्हणतो, विरोधी वक्ता ‘स्थानिकांचा विरोध’ म्हणतो. एकाच घरात मुलाला खाणीवर नोकरी हवी असेल आणि आईला डोंगर जसाच्या तसा हवा असेल, हे दोघांच्याही भाषणात मावत नाही. वाईट हेतू नसतानाही माणसाचे व्यक्तित्व असे पुसले जाते.

मीही हे केले आहे. या भागात नवा आलो तेव्हा माडिया मुलांची नावे माझ्या जिभेवर बसत नसत, म्हणून मी हजेरी क्रमांकाने घेई. एकदा एका मुलीच्या आजोबांना बोलावून मी म्हणालो, “सात नंबर फार गैरहजर राहते.” म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पोरीले नाव नाही का, गुरुजी?” माझ्या आजोबांना मालगुजाराच्या वाड्यावर जातीच्याच नावाने हाक पडे, हे मी घरात ऐकत वाढलो. पदवी घेऊन मी तेच काम आकड्याने करीत होतो.

आता दुसरा अर्थ. तलाठ्याने दाखला देताना अर्जदार कोणत्या वस्तीतला, आपल्या ओळखीचा की परका, हे पाहू नये. येथे ‘डिपर्सनलाइझ’ व्हायचे ते अधिकाऱ्याच्या आवडीनिवडीने. दुबळ्याला याचाच आधार असतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला, तो याच जातीचा. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते दाखवून देतात की तथागतांनी आपल्या धम्मात स्वतःसाठी जागा मागितली नाही. शास्ता बाजूला झाला आणि ऐकणाऱ्याची बुद्धी पुढे आली. पहिल्या अर्थाच्या नेमकी उलट क्रिया आहे ही. तिथे सत्तेपुढचा माणूस पुसला जातो, इथे सत्तेवरचा.

मानसशास्त्रातही हा शब्द आहे. १८९८ साली फ्रेंच अभ्यासक द्युगा यांनी तो एका अवस्थेसाठी वापरला. अशा वेळी माणसाला आपण आपल्यापासून तुटलो आहोत, आपलेच हातपाय परके आहेत असे वाटते. काही जण चर्चेत अनात्मवादाला या अवस्थेशी जोडतात. ते चूक आहे. अनात्मवाद नित्य, न बदलणारा आत्मा नाकारतो. दुःख सोसणारा, कृती करणारा आणि तिची जबाबदारी घेणारा माणूस तो नाकारीत नाही. तसे असते तर पंचशील कोणी पाळायचे?

शब्द वापरताना एवढे पाहावे, की ज्याचे व्यक्तित्व बाजूला केले त्याच्या हाती शिक्का होता, की तो शिक्क्याची वाट पाहत उभा होता.

आता जूनमध्ये नवी मुले आली की मी त्यांची नावे त्यांनाच उच्चारायला सांगतो आणि फळ्यावर लिहितो. पहिल्या दिवशी निम्मी चुकतात. मुले हसतात आणि दुरुस्त करतात.