पासवर्ड तपासणीचं कोटेशन: पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

खानापुरातल्या एका सोसायटीच्या चेअरमन साहेबांनी एक कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. बाहेर काउंटरवर पिग्मीवाल्यांची भरणा करायची गडबड चालली होती, म्हणून आतल्या खोलीत बसलो. 'पेनिट्रेशन टेस्टिंग' अशा मथळ्याखाली सात ओळी होत्या. सगळ्यांत मोठी रक्कम 'पासवर्ड क्रॅकिंग सॉफ्टवेअर, परवाना शुल्क' या ओळीपुढे होती. "हे घ्यावंच लागतं काय?" असं त्यांनी विचारलं.

घ्यावं लागत नाही. ती ओळ सरळ खोडा.

या कामाची मुख्य हत्यारं फुकट आहेत. 'जॉन द रिपर' १९९६ पासून आहे. 'हॅशकॅट' डिसेंबर २०१५ पासून सर्वांसाठी खुलं आहे. 'लोफ्टक्रॅक' पूर्वी विकत घ्यावं लागे, तेही २०२१ मध्ये खुलं झालं. जगभरचे नावाजलेले तपासनीस हीच वापरतात. महागडी सॉफ्टवेअर मिळतात, पण ती कुलूपबंद फाइल, जप्त केलेला लॅपटॉप अशा पोलिसी तपासाच्या कामाची. सोसायटीला त्यांचा उपयोग नाही.

दोन-तीन फुकट हत्यारांतून निवड कशी करायची, तर आपला पासवर्ड कुठे आणि कसा साठवलाय ते आधी बघायचं. संगणक पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा एक ठसा ठेवतो. त्याला हॅश म्हणतात. तपासनीस अंदाजाने शब्द घेतो, त्याचा ठसा काढतो आणि जुळतो का पाहतो. शाखांतले संगणक विंडोजच्या एका सर्व्हरला जोडलेले असतील, ठसे हजारोंनी असतील, तर ग्राफिक कार्डावर चालणारं हॅशकॅट बरं. कार्ड नाही, साधा संगणक आहे, ठशांचे प्रकार सरमिसळ आहेत, तर जॉन बरा. तेवढं पुरे.

आता खर्चाचा हिशेब. आरटीएक्स ४०९० हे कार्ड दीड लाखाच्या पुढचं. विंडोजचे ठसे असतील तर ते सेकंदाला सुमारे २८ हजार ८०० कोटी अंदाज तपासतं. कीबोर्डावरची ९५ चिन्हं वापरून आठ अक्षरांचा कुठलाही पासवर्ड बनवा, सगळ्या जोड्या साडेसहा तासांच्या आत संपतात. कार्ड साडेचारशे वॅटचं. बाकीचा संगणक धरून सहाशे वॅट पकडले तर चार युनिट वीज जाते. आठ रुपये दराने बत्तीस रुपये. चोराला विंडोजवरचा आठ अक्षरी पासवर्ड फोडायला बत्तीस रुपयांची वीज पुरते, हे संचालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

पासवर्ड बारा अक्षरांचा आणि खरोखर वेडावाकडा असेल, तर त्याच कार्डाला सगळ्या जोड्यांसाठी पन्नास हजारांहून जास्त वर्षं लागतील. आणि तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने ठसा 'बीक्रिप्ट' पद्धतीने ठेवला असेल, तर आठ अक्षरांनाच हजार वर्षांवर लागतात, कारण ती पद्धत मुद्दाम संथ केलेली आहे. म्हणून वर्षाची देखभाल फी घेणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा: पासवर्ड कुठल्या पद्धतीने साठवता? उत्तर 'एमडी५' आलं तर बदलून मागा. या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

कार्ड सोसायटीने विकत घेऊ नये. तपासनीसाकडे असतं. जुनं, स्वस्त कार्ड असलं तरी चालेल. साडेसहा तासांऐवजी दोन दिवस लागले म्हणून बिघडत नाही. मात्र तुमचे ठसे कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू देऊ नका. एकदा गेलेला ठसा परत येत नाही.

पैसे खरे लागतात ते माणसाच्या डोक्याला. २००९ मध्ये 'रॉकयू' या अमेरिकन कंपनीचे तीन कोटी वीस लाख पासवर्ड फुटले. त्यातून झालेली सुमारे १ कोटी ४३ लाख शब्दांची यादी आजही प्रत्येक तपासनीस आधी चालवतो. पण ती इंग्रजी जगाची यादी. आपल्याकडचा कॅशियर वेगळं टाकतो: मलप्रभा, माऊली, जयभवानी, त्यापुढे मुलाचं जन्मवर्ष. नाहीतर केए-२२ आणि गाडीचा नंबर, नाहीतर खानापूरचा पिनकोड ५९१३०२. बेळगावचं तर रोमन अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी स्पेलिंग होतं, आणि २०१४ चं नामांतर झाल्यापासून आणखी एक वाढलं. एका सोसायटीत मी पाहिलं, संस्थेचं नाव आणि स्थापना वर्ष हाच पासवर्ड चार टेबलांवर होता. वर्ष तर दारावरच्या पाटीवर रंगवलेलं. असे शब्द जमवून यादी बनवणारा, मराठी-कानडी दोन्ही जाणणारा माणूस मिळाला तर त्याचे दोन दिवसांचे पैसे आनंदाने द्या. तपासणीचा सगळा जीव त्या यादीत आहे.

'हायड्रा' नावाचं आणखी एक फुकट हत्यार आहे. ते ठशांवर चालत नाही, थेट लॉगिनच्या दारावर थापा मारतं. ठरावीक चुकांनंतर खातं बंद पडू शकतं, आणि आठवडी बाजाराच्या सकाळी सगळ्या कॅशियरांची खाती बंद पडली तर लोक दारात उभे राहतात. हे काम कामकाज संपल्यावरच, आणि लेखी वेळ ठरवून.

कोटेशनमध्ये या ओळी असाव्यात: किती दिवसांचं काम, रोजचा दर, लेखी अहवाल, दुरुस्तीनंतरची फेरतपासणी, काम संपल्यावर ठसे पुसल्याचा दाखला, आणि १८ टक्के जीएसटी. फेरतपासणी बहुतेक वेळा गाळलेली असते. ती आधीच दरात बसवून घ्या. तपासनीस केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेच्या यादीतला आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. अहवालात कुणाचाही फुटलेला पासवर्ड छापू नये, कुठल्या टेबलाचा फुटला आणि किती वेळात, एवढंच हवं. कारकुनाला सभेत उभं करण्यासाठी ही तपासणी नाही.

आणि संचालक मंडळाचा ठराव हवाच. परवानगीशिवाय, लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेअरमन तोंडी हो म्हणाले, एवढ्यावर चांगल्या तपासनीसाने कामाला हात लावू नये. ठरावात कुठले संगणक, कुठल्या तारखा, कोण माणूस, हे लिहा.

एवढा खटाटोप कशासाठी, ते बघा. जानेवारी २०२२ मध्ये हैदराबादच्या एपी महेश सहकारी नागरी बँकेतून सुमारे १२ कोटी ४८ लाख रुपये गेले. सुरुवात कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ईमेलनी झाली. पोलिसांनी तपासात सांगितलं की बँकेत दहा सुपर युजर, म्हणजे सगळे अधिकार असलेले वापरकर्ते, होते आणि त्यातल्या काहींचा पासवर्ड एकच होता. पुढे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला ६५ लाखांचा दंड केला. एकच पासवर्ड अनेकांचा असेल, तर ते ठसे पडताळताना पहिल्या तासातच दिसतं.

आपल्या सोसायट्यांत शेतकऱ्याचे उसाचे पैसे आहेत, भाजीवालीची रोजची पिग्मी आहे. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत 'पासवर्ड तपासणी' हा विषय घाला, आणि तीन कोटेशनं मागवा.