एफडी मोडण्याआधी

डोंबिवली (पूर्व)
रविवार, सकाळ

चि. मनूस,


काल वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "हे एफडी मोडायला निघालेत. फॉर्मसुद्धा आणलाय. मनूला कळवू नका मी सांगितलं म्हणून." तेव्हा तिचं नाव घेऊ नकोस. पण मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मला कळलं ते असं. आम्स्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या त्या फ्लॅटचे साडेपाच लाख युरो मागत होते, तू पाच लाख पंच्याऐंशी हजार बोललीस. आता बँकेसाठी मूल्यांकन झालं, ते आलं पाच लाख साठ. तिकडची बँक बाजारभावाच्या शंभर टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. तू हौसेनं काय कबूल केलंस त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणजे वरचे पंचवीस हजार, शिवाय हस्तांतरणाचा दोन टक्के कर, सगळं पदरचं. आणि पदर दादाचा!

अगं, एकतीस वर्षं मी बँकेच्या कर्ज खात्यात घासली. एक फोन करायला काय झालं होतं? मागितल्यापेक्षा वर बोलल्याशिवाय तिथे घर मिळत नाही, हे तुझ्याकडे दोन महिने राहून आल्यामुळे मलाही माहीत आहे. पण मला भीती वेगळीच आहे. आपली बोली मालकाला गोड लागावी म्हणून तिथे लोक करारातून कर्जाची अटच काढून टाकतात म्हणे. तू काढली नाहीस ना? ती अट असेल तर मुदतीच्या आत, बँकेच्या नकाराचा कागद जोडून करार मोडता येतो. नसेल तर दहा टक्के दंड, साडेअठ्ठावन्न हजार. आज आधी ते पान काढ आणि मुदतीची तारीख बघ. बाकीचं पत्र नंतर वाच.

बघितलंस? आता मूल्यांकनाचा अहवाल घे. शेवटच्या आकड्यावर रडून बाजूला ठेवला असशील, मला माहीत आहे. आता पहिल्या पानापासून वाच. राहतं क्षेत्रफळ किती धरलंय ते विक्रीच्या कागदांशी ताडून बघ. बाल्कनी आणि तळघरातली सायकलची खोली वेगळी दाखवतात, राहत्या जागेत धरत नाहीत, तेव्हा त्यावरून भांडू नकोस. मग तुलनेसाठी घेतलेली घरं बघ. कधी विकली गेली? कुठल्या मजल्यावरची? स्वयंपाकघर नवं केलेलं की 1960च्या दशकातलं जसंच्या तसं?

आणि त्या जमिनीचं बघ. एर्फपाख्त, घशात अडकणारा तो शब्द. आपल्याकडे सिडकोची जमीन भाडेपट्ट्यानं असते, तसंच ते. आम्स्टरडॅमची नगरपालिका 1896 पासून जमीन विकत नाही, पट्ट्यानं देते. तुझ्या फ्लॅटच्या आधीच्या मालकानं पट्ट्याचे पैसे पुढच्या कित्येक वर्षांचे एकरकमी भरून टाकलेत, असं तूच मला गेल्देर्लंडप्लाइनला कॉफी पिताना सांगितलं होतंस. तुलनेच्या घरांचा पट्टा तसाच भरलेला आहे का? ज्याला दरवर्षी भाडं भरायचंय ते घर स्वस्तच जाणार. त्याच्याशी तुझं घर तोललं असेल तर तो तराजूच चुकला.

असं काही सापडलं तर मूल्यांकन करणाऱ्याला लेखी विचार. पान क्रमांक, चूक, सोबत पुरावा. "किंमत वाढवून द्या" असं चुकूनही म्हणू नकोस. तो तटस्थ राहायला बांधलेला आहे, आणि त्याचा अहवाल पुढे आणखी एक संस्था तपासते. पुरावा पटला तर तो दुरुस्ती करील. नाही पटला तर कर्ज सल्लागाराला विचारून दुसऱ्याकडून मूल्यांकन करून घेता येतं. नगरपालिका करासाठी काढते त्या आकड्यावर मात्र विसंबू नकोस. तो मागच्या वर्षाच्या 1 जानेवारीचा भाव असतो. आपल्या रेडी रेकनरसारखाच, सरकारच्या कामाचा.

आणि मनू, हेही ऐकून ठेव. अहवालात एकही चूक सापडणार नाही असंही होईल. विमानं डोक्यावरून जातात त्या घराची किंमत तेवढीच असेल, आणि वरचे पंचवीस हजार तुझ्या हट्टाचे असतील. तसं असेल तर तसं. पण ते वाचून, विचारून कळू दे. न विचारता दादाचे पैसे त्या खड्ड्यात ओतू नकोस.

मी एवढी का चिडले ते सांगते. हे दादानं तुला कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

1986 साली आम्ही ही डोंबिवलीची जागा घेतली. मे महिना, भर दुपार, चौथा मजला, लिफ्ट नाही. बँकेचा व्हॅल्युअर आला, खाली नळावर पाणी प्यायला, वॉचमनला "खोल्या किती?" विचारलं आणि निघून गेला. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. अहवाल आला त्यात जागा चारशे वीस फूट. माझ्या हातात बिल्डरचा कागद, त्यावर चारशे पासष्ट. असे अहवाल मी रोज तपासून फाइलला लावत होते गं! दुसऱ्या कुणाचा असता तर लाल पेन्सिलीनं खूण करून परत पाठवला असता. स्वतःचा होता म्हणून गप्प बसले. साहेबांना काय वाटेल, कर्ज आहे तेवढंही अडकेल. तुझे काका म्हणाले, "विचार ना." मी नाही विचारलं.

नऊ हजार कमी पडले. त्याच आठवड्यात दादाचा स्कूटरचा नंबर लागला होता. किती वर्षं वाट बघत होता. तो पुण्याहून आला, पाकीट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "स्कूटर काय, पुढेही येईल." ती आली 1993 ला, तू बालवाडीत गेल्यावर. तोवर कोथरूडहून खडकीला नोकरीवर सायकलनं, गणेशखिंडीचा चढ चढून. आज तो गुडघा धरून जिना चढतो तेव्हा तुम्ही सगळे वयाला नावं ठेवता. मी खाली बघते.

एक प्रश्न विचारायला मी लाजले, त्याची किंमत दादानं भरली. आता तू गप्प बसणार आणि भरणार पुन्हा तोच? म्हणून चिडले. रागावू नकोस.

तुला ते घर का हवंय ते मला ठाऊक आहे. खाली पाच नंबरची ट्राम, पाच मिनिटांवर बाजार. आम्स्टेलपार्कात आपण बाकावर बसलो होतो, विमान इतकं खालून गेलं की मी पिशवी घट्ट धरली आणि तू हसत सुटलीस. "आत्या, इथलं घर घेतलं की तुझी खोली पूर्वेची," म्हणालीस. पोरी, मला खोली नको. तू तिथे एकटीनं सगळं निभावतेस, आजारी पडलीस तरी चार दिवसांनी सांगतेस. घर मिळालं नाही तरी तू कुठे कमी पडलीस असं इथे कुणी म्हणणार नाही. मिळालं तर दिवाळीला चकलीचा सोऱ्या घेऊन येईन.

आणि सगळं विचारून झाल्यावरही थोडे कमी पडले तर आधी मला सांग. माझ्याकडे थोडे आहेत. ते नऊ हजार दादानं कधी परत घेतले नाहीत, तेव्हा तसे ते त्याचेच.

फोन कर. जेवत जा वेळेवर. आणि दादासमोर स्कूटरचं काढू नकोस.

तुझी,
आत्या