दंडावरचा काटा, पाठीवरचे फोड आणि बोअरचं पाणी

प्रश्न: नाशिकहून गुरुग्रामला राहायला आल्यापासून माझ्या 16 वर्षांच्या मुलीच्या दंडांवर बारीक, खरखरीत पुटकुळ्या दिसतात. थंडीत त्या वाढतात. पावसाळ्यात पाठीवर फोड येतात आणि फार खाजतात. सोसायटीतल्या बायका म्हणतात, हे बोअरच्या पाण्यामुळे होतं. बाथरूमला सॉफ्टनर बसवून घ्यावा का?
– एक वाचक, गुरुग्राम

उत्तर: सॉफ्टनरचा खर्च तूर्त थांबवा. दंडावरचं आणि पाठीवरचं दुखणं बहुधा वेगवेगळं आहे. एक थंडीत वाढतं, दुसरं दमट हवेत. त्यामुळे दोन्हींवर एकच उपाय करून चालणार नाही.

दंडावर जे आहे ते केराटोसिस पिलारिस असावं. त्वचेतलं केराटिन नावाचं प्रथिन केसाच्या छिद्रात साचून तिथे बूच बसतं. हे आनुवंशिक असतं. घरातल्या मोठ्यांच्या दंडांवरून हात फिरवून पाहा, कुणाच्या तरी सापडेल. ते वयात येताना वाढतं आणि पुढे अनेकांचं आपोआप कमी होतं. नाशिकला राहूनही ते झालंच असतं, पण दिल्लीकडची कोरडी थंडी, खोलीतला हीटर आणि गीझरचं कढत पाणी यांमुळे ते जास्त उठून दिसतं.

शेजारणींचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो. तो अंगावर राहिला की कोरडेपणा वाढतो. मात्र इंग्लंडमध्ये इसब असलेल्या 336 मुलांवर सॉफ्टनरचा 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. त्यापेक्षा साबणाऐवजी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली अंघोळीची वडी, वापरा. त्याचा साका होत नाही. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ उरकावी आणि अंग ओलसर असतानाच 10 टक्के युरियाचं किंवा लॅक्टिक ॲसिडचं लोशन लावावं. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि लावणं सोडलं की खरखर परत येते. लूफा किंवा स्क्रबने घासू नये. त्याने त्वचा लाल होते, मागे डाग राहतात.

पाठीच्या बाबतीत खाज ही महत्त्वाची खूण आहे. साध्या मुरमांत काळे ठिपके, पू आणि गाठी असं सगळं मिसळलेलं असतं, खाज फारशी नसते. एकाच आकाराचे, खाजणारे फोड खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागात आले, तर मॅलॅसेझिया या यीस्टचा संशय घ्यावा. हे यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, स्निग्धांशावर जगतं आणि घामट, दमट हवेत फोफावतं. म्हणून पाठीला तेलाचं मालीश नको. मुरमं समजून अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर स्पर्धक जिवाणू कमी होतात आणि यीस्टचं आणखी फावतं. निदान पक्कं झाल्यावर डॉक्टर बहुधा 2 टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू पाठीला लावून काही मिनिटांनी धुवायला सांगतात. साधी मुरमं निघाली तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश देतात. त्याने रंगीत कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल पांढरा ठेवा. घाम आला की कपडे लगेच बदलावेत.

मेडिकलमधून स्वतःहून मिश्र मलम आणू नका. अशा अनेक मलमांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. लालसरपणा, खाज चटकन कमी होते, पण पुढे स्टिरॉइडमुळेच फोड येतात आणि त्वचा पातळ होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली, ती यासाठीच.

सहा ते आठ आठवड्यांत उतार पडला नाही, गाठी दुखू लागल्या किंवा व्रण राहू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही त्यांना आवर्जून सांगा. तेव्हा हार्मोन्सची तपासणी लागू शकते.