छर्रा नळीत अडकला, आता खर्च किती?

नेमबाजीच्या रेंजवर सतत टक्, टक् असा आवाज चालू असतो. त्यात मध्येच एक वेगळा आवाज आला. फुस्स. समोरच्या कागदावर भोक नाही. माझी आठवीतली मुलगी गोंधळून मागे वळणार, तेवढ्यात सर लांबूनच ओरडले, "तोंड पुढंच ठेव! दुसरी पेलेट घालू नकोस!"

त्या ओरडण्याची रुपयांतली किंमत मला महिन्याभराने कळली. आमची दुरुस्ती काही शे रुपयांत आटोपली. त्याच रेंजवरच्या दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी अडकलेला छर्रा घरी सायकलच्या स्पोकने ढकलला. त्यांना नळीच बदलावी लागली.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत नेमबाजीचा विषय निघू लागला. बहुतेक मुलांची सुरुवात दहा मीटर एअर रायफलने होते. क्लास, जॅकेट, पेलेट यांचे भाव पालक एकमेकांना विचारून घेतात. दुरुस्तीचा खर्च मात्र वेळ आल्यावरच समजतो, आणि तोवर घाईत चूक होऊन गेलेली असते.

एअर रायफलची पेलेट, म्हणजेच छर्रा, साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, डमरूसारखा मध्ये बारीक. मागचा घेर पातळ असतो. हवेच्या दाबाने तो फुलून नळीच्या आतल्या पिळदार खाचांना घट्ट धरतो, म्हणून छर्रा गरगरत सरळ जातो. दाब अर्ध्यावर सुटला तर तोच घेर पाचरीसारखा बसतो. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे सिलिंडरमधली हवा संपत आलेली असणं. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. मुलं शॉट मोजतात, गेजकडे बघत नाहीत. दुसरं कारण गळका वॉशर किंवा ओ-रिंग. तिसरं म्हणजे घाईत उलटा बसवलेला किंवा एकावर एक घातलेला छर्रा. आणि चौथं, जे ऐकून मी हसलो होतो: नळी साफ करायचा नमद्याचा तुकडा आतच विसरणं. पुढे आमच्याकडेही नेमकं तेच झालं.

अडकलंय की नाही, हे ओळखायचं सर्वांत स्वस्त साधन पिशवीत आधीच असतं. रेंजवर रायफल खाली ठेवताना नळीत भडक रंगाची सेफ्टीची दोरी घालावी लागते आणि ती दोन्ही टोकांनी बाहेर दिसावी लागते. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाच तो नियम आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी यासाठी चालते, मीटरभर तुकडा किरकोळ पैशांत मिळतो. दोरी आरपार गेली नाही तर आत काहीतरी आहे, एवढं निश्चित. नळीच्या तोंडाला डोळा लावून बघायचं नाही. रायफल रिकामी आहे याची शंभर टक्के खात्री असली तरीही नाही.

आता खर्च. खालचे आकडे मी दुकानांत आणि क्लबांत विचारून काढलेले ढोबळ आहेत. गावागणिक फरक पडेल.

क्लबचा जाणकार माणूस किंवा प्रशिक्षक जागेवरच छर्रा काढून देत असेल, तर बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत, घेतले तर शंभर-दोनशे. दुकानात नुसतं अडकलेलं काढून नळी साफ करून द्यायला ३०० ते १,००० रुपये सांगतात. हवा गळते म्हणून आतली यंत्रणा (ॲक्शन) उघडून ओ-रिंगचा संच बदलायचा झाला, तर दोन ते पाच हजार. परदेशी बनावटीच्या स्पर्धेच्या रायफलला नळी बदलायची वेळ आली, तर चाळीस-पन्नास हजारांच्या खाली विषयच नाही, शिवाय माल बाहेरून येईपर्यंतचे महिने वेगळे. आणि हे सगळं ज्या छर्ऱ्यापायी, तो एक छर्रा दोन-तीन रुपयांचा!

घरी काढता येतो का? सिलिंडरवाल्या रायफलचा, थोडा आत बसलेला असेल, तर येतो. पण आधी सिलिंडर उतरवून ठेवायचा, बोल्ट उघडा, तोंड भिंतीकडे, जवळ कुणी नाही. नळीत हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग साडेचार मिलिमीटर नळीसाठीच बनवलेली, प्लास्टिकचा लेप असलेली किंवा पितळी सळई घ्यायची आणि हाताच्या सारख्या जोराने ढकलायचं. बहुतेक मॅच रायफलींत मागून सळई सरळ जात नाही, म्हणून पुढूनच मागे ढकलावं लागतं. अशा वेळी नळीच्या तोंडाची कड घासू नये म्हणून सळईवर बसणारं गाइड वापरा. ती कड म्हणजे रायफलचा कणा आहे म्हणा ना. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे एक ओरखडाही गुण खातो.

जोडाची स्वस्त सळई तीन-चारशेला मिळते. अखंड, लेपाची चांगली सळई दोन हजारांच्या पुढे जाते. माझं स्पष्ट मत: घेणार असाल तर दुसरी घ्या, नाहीतर अजिबात घेऊ नका. स्वस्त सळईच्या जोडाची धार आत घासते. छत्रीची काडी, स्पोक, ड्रिलचं पातं, विणायची सुई यांची नावंही काढू नका. हातोडीने ठोकलं की शिसं चपटून आणखी घट्ट बसतं. सळई हाताने हलत नसेल तर थांबायचं आणि दुकान गाठायचं. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. शिसं आहे ते, आणि रेंजवरून येताना मुलं त्याच हाताने वडापाव खातात.

जत्रेत फुगे फोडायला असते तशी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक असेल तर मात्र घरी हात घालू नका. नळी मोडली की स्प्रिंग ताणली जाते. त्या अवस्थेत चाप सुटला तर नळी फटकन मिटते आणि मध्ये सापडलेलं बोट वाचत नाही. तिच्या दुरुस्तीला तसेही चार-पाचशे रुपयेच पडतात.

अडकलेल्या छर्ऱ्यामागे दुसरा छर्रा मारून 'ढकलून काढू' हा सल्ला फुकट मिळतो. एअर रायफलमध्ये त्याने एकाचे दोन होतात. पॉइंट टूटूसारख्या दारूच्या रायफलीत तो जिवावर बेतू शकतो. तिथे काडतुसात दारू कमी असली की आवाज बसका येतो आणि गोळी नळीतच राहते. त्यामागून दुसरी गोळी सुटली की नळी फुगते, कधी फाटते. चाप ओढूनही काडतूस उडालंच नाही, तर तोंड पुढे ठेवून निदान मिनिटभर थांबायचं आणि रेंज ऑफिसरला हाक मारायची. कधी कधी ते उशिरा उडतं.

त्या रायफलीचं काम घरी करायचंच नाही, आणि याला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा व्यवसाय करायला परवाना लागतो. लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नेऊ नका. तुमचा परवाना सोबत हवा. दुसऱ्या कुणाच्या हाती दुरुस्तीला पाठवायची तर तुमचं लेखी अधिकारपत्र हवं, ही सवलत कलम ३ मध्येच आहे. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे तिचं दुरुस्तीचं दुकान शोधणं सोपं. पॉइंट टूटूची गोळी काढायला ५०० ते २,००० रुपये लागतात. नळी फुगलेली निघाली तर मात्र दुरुस्ती नाही, ती नळी बाद.

दुकानात गेल्यावर काय विचारायचं, हे मी पैसे घालवून शिकलो. नमदा अडकला तेव्हा घाईत होतो, स्पर्धा चार दिवसांवर होती. एका दुकानदाराने रायफल आत नेली, तासाभराने आणली आणि 'सील किट बदललं' म्हणून साडेतीन हजार सांगितले. जुने ओ-रिंग मागितले तर म्हणाला, "फेकले, साहेब." बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर आकडा. नमदा काढायला सील कशाला बदलावं लागतं, हे मला आजही कळलेलं नाही.

तेव्हापासून मी रायफल देतानाच पावतीवर मॉडेल, नळीचा नंबर आणि तक्रार लिहून घेतो: 'नळीत छर्रा अडकला, फक्त काढणे.' त्यापुढचं कुठलंही काम फोनवर विचारून करायचं, हेही त्याच ओळीत. काढलेला सुटा भाग परत मागतो. बिल पक्कं, जीएसटीसह. फसवलं गेलोच, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हाच कागद उपयोगी पडतो. नवी रायफल वॉरंटीत असेल तर घरी सळईही घालू नका, आधी विक्रेत्याला फोन करा. नळीत ओरखडा दिसला की वॉरंटी नाकारायला त्याला निमित्त मिळतं.

आणि निघताना ती नायलॉनची दोरी खिशात ठेवा. दुकानदाराने "झालं" म्हटलं की पैसे काढण्याआधी, त्याच्यासमोरच, ती नळीत घाला. दुसऱ्या टोकाने बाहेर आली तरच पाकीट उघडा.