तोल सांभाळणारा व्यायाम : ताईची



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण शेतापासून फार लांबचा नाही. गटांतून फिरताना आम्हाला दिसते ते असे, की साठी ओलांडलेल्या सभासदाला उसावरच्या किडीपेक्षा पाटाच्या निसरड्या कडेची धास्ती जास्त. रात्रीची लाईट आली की दारे धरायला जायचे, अंधार, पायाखाली चिखल. पाय सटकला, खुब्याचे हाड मोडले, की धडधाकट माणूस खाटेला खिळतो. "वय झालं, आता चालायचंच," असे घरचेही म्हणतात. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. तोल सरावाने सुधारतो, म्हातारपणीही सुधारतो. आणि त्यासाठी उपयोगी पडणारा एक व्यायाम चीनमधल्या एका खेड्यातून आलेला आहे. त्याचे नाव ताईची.

चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला चेनजियागौ नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात तेथील चेन वांगतिंग याने ही विद्या बसवली असे मानतात. मूळची ती मर्दानी विद्या, आपल्याकडच्या कुस्ती-दांडपट्ट्याच्या जातीची. पुढे एकोणिसाव्या शतकात यांग लुछान हा त्या गावी शिकला व त्याने ती बीजिंगमध्ये नेली. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने सामान्य माणसासाठी २४ हालचालींचा सोपा क्रम ठरवून दिला. तो पुरा करायला पाच-सहा मिनिटे लागतात. २०२० साली युनेस्कोने ताईचीची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. हालचालींची नावे मोठी गमतीची आहेत : रानघोड्याची आयाळ विंचरणे, पांढऱ्या क्रौंचाने पंख पसरणे, माकडाला मागे सारणे. या शेवटच्या हालचालीत एक-एक पाऊल मागे टाकत जायचे असते.

नावे राहू द्या. मुख्य गोष्ट पायात आहे. ताईचीत एक पाय 'भरलेला' आणि दुसरा 'रिकामा' असे धरतात. अंगाचा सगळा भार एका पायावर नीट उतरला, की मगच दुसरा उचलायचा. तो पुढे टेकवायचा, पण त्यावर लगेच भार टाकायचा नाही. जमीन चाचपून घ्यायची, मग हळूहळू भार तिकडे ओतायचा. आपण पाणी देताना एक सरी भरल्याशिवाय दुसरीचे दारे फोडत नाही, तसेच हे. घसरणारा माणूस बहुधा उलटे करतो : पुढचे पाऊल पक्के होण्याआधीच अंग पुढे झोकून देतो.

घरी एवढेच करून पाहावे. कोरड्या, सपाट जागी, हाताशी भिंत किंवा खांब राहील असे उभे राहावे. पावलांत खांद्याएवढे अंतर. गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, नजर समोर. श्वास रोखू नये. भार उजव्या पायावर न्यावा. डावा पाय हलका झाला की उचलून पुढे टाच टेकवावी, मग पाऊल टेकवून भार सावकाश त्यावर आणावा. मग दुसरा पाय. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ नये आणि बोटे जिकडे तिकडेच गुडघा राहावा; तो आत वळला तर व्यायामाचा फायदा राहतो बाजूला, गुडघाच दुखायला लागतो. सुरुवातीला दहा मिनिटे पुरे. घाई करणाऱ्याला हे जमत नाही. हळू करणेच अवघड, मांड्या कशा भरून येतात ते दोन दिवसांत कळेल.

काही सभासद म्हणतील, आम्ही दिवसभर शेतात राबतो, वर व्यायाम कशाला? राबणे निराळे. खुरपताना, तोडणीत, मोळी उचलताना कंबर एकाच बाजूने वाकते, आणि आता तर बांधापर्यंत मोटारसायकल जाते. कुणी विचारील, आपले सूर्यनमस्कार असताना चिनी व्यायाम का? ज्याला सूर्यनमस्कार झेपतात त्याने ते जरूर घालावेत. पण ज्याला खाली बसून उठताना खांब धरावा लागतो, त्याच्यासाठी हा उभ्याने करायचा प्रकार आहे.

याची शास्त्रोक्त तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर २४ आठवडे प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनदा, एक-एक तास ताईची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते पडलेही कमी. गुडघ्याच्या संधिवातावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०४ रुग्ण होते. १२ आठवड्यांनंतर ताईचीचा आराम फिजिओथेरपीइतकाच ठरला. एवढे आम्ही खात्रीने सांगतो. ताईचीने साखर उतरते, गाठी विरघळतात असे कोणी छातीठोक सांगू लागला, तर एका बाटलीत एकरी वीस टन वाढवून देणाऱ्या टॉनिकवाल्याइतकाच त्याच्यावर विश्वास ठेवावा. चालू असलेली औषधे बंद करू नयेत. चक्कर येत असेल, नुकतेच हाड मोडले असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

संपूर्ण २४ हालचाली मात्र कागदावरून शिकता येत नाहीत. गुडघा कुठे वळतो ते पाहायला समोर शिक्षक लागतो. ज्या गटात दहा-बारा सभासद तयार असतील, त्यांनी गट कार्यालयात नावे द्यावीत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची नावेही द्यावीत. गळीत हंगाम आटोपल्यावर शिक्षक आणण्याच्या खटपटीला आम्ही लागू.