सूज दिसत नाही, मग दुखतं काय?

प्रश्न : सोयाबीनच्या सोंगणीनंतर आईच्या उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूने कळ मारते. भरलेली बादली उचलवत नाही, फडकं पिळवत नाही. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो, आतून सूज आहे. पण कोपर सुजलेलं दिसत नाही. गोळ्या बंद केल्या की पुन्हा तेच. आता कापूस वेचायचा आहे. हाताला पूर्ण आराम द्यावा का?
– एक वाचक, धनज (जि. वाशिम)

उत्तर : सूज दिसत नाही, कारण जुनाट दुखण्यात ती तिथे फारशी नसतेच. स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी म्हणजे कंडरा. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेली असते. विळा घट्ट धरला की मनगट स्थिर ठेवायला हेच स्नायू राबतात, त्यामुळे सगळा ताण त्या इवल्याशा जागी येतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा दाहाच्या पेशी क्वचितच आढळल्या. दिसले ते कोलॅजनचे विस्कटलेले तंतू, जुन्या सुतळीचा पीळ सुटावा तसे. गोळी कळ दाबते, पीळ पुन्हा बसवत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही तसंच. पहिले काही आठवडे झकास वाटतं, पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेलेच अधिक बरे असल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून ‘एक सुई मारा’ असा आग्रह आईने धरू नये, असं मला मनापासून वाटतं.

पूर्ण आरामही नको. कंडरेतल्या पेशी ताण ओळखतात आणि त्यानुसार नवे तंतू घालतात; ताणच नसेल तर ती आणखी दुबळी होते. तिला बेताबेताने भार द्यावा लागतो. आईला टेबलाशी बसवा. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकलेला, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. मुठीत अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली. डाव्या हाताने पंजा वर उचलून द्यायचा आणि उजव्याने पाच आकडे मोजत हळूहळू खाली सोडायचा. असं पंधरा वेळा, मध्ये थांबून तीन फेऱ्या. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर भार कमी करा. साधारण तीन महिने नेटाने करायला हवं. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घेतलं, तर उत्तमच.

कापूस वेचताना ओझं उचलण्याचं काम काही दिवस दुसऱ्याने करावं. बादली उचलायचीच, तर तळवा वर आणि कोपर वाकवून, अंगाजवळ धरून. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा, पकड कमी आवळावी लागते. वेचणीत अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागलं, तर तो वेगळा आजार; तेही दाखवा.

सचिन तेंडुलकरलाही २००४मध्ये याच दुखण्याने गाठलं. मे २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो ९३ धावा करून परतला. आईला मात्र बहुधा शस्त्रक्रिया लागणार नाही. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात तिच्याशिवायच ओसरतं.

बोटांना मुंग्या येत असतील, कोपर लाल व गरम झालं, ताप आला किंवा पकड अचानक गेली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहही तपासा, कारण त्यात कंडरा लवकर बिघडतात. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन कुणी लिहून दिलं, तर कंडरेचा त्रास आहे हे आधी सांगा. ही औषधं कंडरेला इजा करू शकतात.