मानेतली गाठ : बी की टी?

मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली की आपण अवधाण म्हणून सोडून देतो. बहुतेक गाठी जंतुसंसर्गाच्या असतात, काही टीबीच्या. पण एखादी लिम्फोमाची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची निघते. या पेशींचे मुख्य प्रकार दोन, बी आणि टी. बायोप्सीत गाठीचा तुकडा तपासतात. पेशींवर सीडी २० ही खूण दिसली तर बहुधा बी, सीडी ३ दिसली तर बहुधा टी. हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. रिटुक्सिमॅब सीडी २० असलेल्या पेशींवरच काम करते. म्हणून आम्ही सांगतो, तीन आठवड्यांत न गेलेली गाठ, दुखत नसली तरी, सीपीआरमध्ये दाखवा. खर्चाला घाबरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.